तहानंतरचा पहिला उन्हाळा

इ. स. १८१४ च्या मे महिन्याच्या ३० तारखेस पॅरिस येथें तह झाला, आणि इंग्लंडांतील खाऊनपिऊन सुखी अशा कुटुंबांनीं प्रवासाच्या पेट्या भरावयास घेतल्या. १८०२ मध्यें आमिआंचा तह झाला त्या वेळचा वर्ष-सव्वावर्षाचा काळ वगळला, तर १७९३ पासून सामान्य इंग्रजाला फ्रान्सचा किनारा डोव्हरच्या कड्यांवरून, तोहि हवा स्वच्छ असेल तरच, दुरून पाहण्यापुरता उरला होता. आतां नेपोलियन एल्बा बेटावर जाऊन बसला होता, अठरावा लुई पूर्वजांच्या तख्तावर आला होता, आणि कॅले बंदरापासून पॅरिसपर्यंतचा हमरस्ता इंग्रजांच्या गाड्यांनीं गजबजून गेला होता. या मंडळींनीं पॅरिस पाहिलें. नेपोलियनानें अर्ध्या युरोपांतून उचलून आणलेलीं आणि या तहानेंहि परत न गेलेलीं चित्रें लूव्हरच्या दालनांत पाहिलीं. आणि घरीं जाऊन त्यांपैकीं पुष्कळांनीं आपापलीं प्रवासवर्णनें लिहिलीं. तीं एकामागून एक वाचीत गेलें म्हणजे सर्व एकाच हातचीं वाटूं लागतात. रस्ता एकच, खानावळी त्याच, आणि आश्चर्येंहि तींच.

परंतु युद्ध त्या रस्त्यावर झालेंच नव्हतें. तें झालें होतें पॅरिसच्या पूर्वेस, सीन, मार्न आणि ओब या नद्यांच्या खोऱ्यांत, शांपान्य प्रांताच्या पांढुरक्या मातीवर. आणि तिकडे त्या उन्हाळ्यांत हौसेनें जाणारा इंग्रज विरळा. अशा विरळा प्रवाशांत एक तरुण जोडपें होतें. त्यांच्याबरोबर सोळा वर्षांची एक मुलगी होती, आणि सामान वाहावयास एक गाढव होतें, तें दुसऱ्याच दिवशीं निकामी ठरलें. तरुणाचें नांव पर्सी बिश शेले. त्याच्या सोबतिणीचें मेरी गॉडविन. पुढें एकाचें नांव इंग्रजी काव्यांत आणि दुसरीचें 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीची कर्ती म्हणून कायम झालें, त्यामुळें या प्रवासाच्या तपशिलाचा चरित्रकारांनीं भरपूर कीस काढला आहे. आमचें लक्ष मात्र त्यांतल्या चार दिवसांकडे आहे. ता. ९ ऑगस्टपासून १२ ऑगस्टपर्यंत हीं तिघें ज्या वाटेनें चाललीं, त्या वाटेवर सहा महिन्यांपूर्वीं मोठमोठ्या फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. मुलखाची ती स्थिति पाहावयास म्हणून तीं गेलीं नव्हतीं. स्वतःच्या प्रेमाखेरीज दुसरें कांहीं पाहण्याची त्यांची मनःस्थितीहि नव्हती. आणि म्हणूनच त्यांनीं जें पाहिलें त्याची साक्ष आम्हांस मोलाची वाटते.

हीं माणसें कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मेरी ही तत्त्ववेत्ता विल्यम गॉडविन याची कन्या. तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करणारा प्रसिद्ध ग्रंथ तिनें १७९२ मध्यें लिहिला, त्याच वर्षाच्या अखेरीस ती फ्रान्सची राज्यक्रांति डोळ्यांनीं पाहावयास पॅरिसला गेली, आणि १७९७ मध्यें या मुलीला जन्म देऊन थोड्याच दिवसांत वारली. शेले हा एका धनाढ्य जमीनदार घराण्याचा वारस, पण बापाशीं बिनसलेला आणि गॉडविनाच्या ग्रंथांचा कट्टर शिष्य. विवाहबंधन हें मनुष्याच्या विवेकाला न शोभणारें आहे असें गॉडविनानें १७९३ मध्यें छापून ठेवलें होतें. शिष्यानें तो सिद्धान्त गुरुकन्येच्या बाबतींत खरा करून दाखविला, तेव्हां गुरूला तो मुळींच रुचला नाहीं. सिद्धान्त ग्रंथांत शोभून दिसतो. तो घरीं जेवावयास आला म्हणजे त्याच्यासाठीं पाट मांडावयास कोणी धजत नाहीं.

आणि येथें एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. शेले हा विवाहित होता. १८११ मध्यें त्यानें हॅरिएट वेस्टब्रुक हिच्याशीं लग्न केलें होतें; त्यांना वर्षाची एक मुलगी होती, आणि १८१४ च्या त्या उन्हाळ्यांत हॅरिएट पुन्हां गरोदर होती. जुलैच्या २८ तारखेस पहांटे शेले आणि मेरी लंडनहून निघालीं तीं या सर्वांना मागें टाकून. बरोबर मेरीची सावत्र बहीण जेन आली; पुढें तिनें क्लेअर हें नांव घेतलें आणि इतिहासांत ती त्याच नांवानें ओळखली जाते. मेरी त्या वेळीं सतरा वर्षांचीहि पुरी नव्हती, आणि शेलेला बावीस पुरीं होण्यास एक आठवडा होता.

डोव्हरहून एका लहान होडींतून रातोरात समुद्र ओलांडतांना वादळ झालें. मेरी अर्धमेली होऊन शेलेच्या गुडघ्यांशीं पडून होती. कॅलेला पोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं क्लेअरची आई मागोमाग हजर झाली. एक लठ्ठ बाई आल्या आहेत आणि आपली मुलगी पळविली असें म्हणत आहेत, असा निरोप होडीवाल्यानें आणून दिला म्हणतात. मुलीनें परत जाण्याचें नाकारलें. आई आल्या वाटेनें एकटी परतली. ता. २ ऑगस्ट रोजीं तिघें पॅरिसला पोंचलीं तीं जवळजवळ रिकाम्या खिशानें. शेलेनें आपलें घड्याळ व सांखळी विकून आठ नेपोलियन — त्या नांवाचें सोन्याचें नाणें — आणि कांहीं फ्रँक उभे केले. पुढें एका फ्रेंच सावकाराकडून साठ पौंड मिळाले, तेव्हां कोठें पुढच्या प्रवासाचा विचार सुरू झाला. जावयाचें होतें स्वित्झर्लंडला. गाडीभाडें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून पायीं जावयाचें, सामानासाठीं एक गाढव घ्यावयाचें, आणि आळीपाळीनें एकानें त्याच्यावर बसावयाचें असें ठरलें.

हें ऐकून ज्या खानावळींत तीं उतरलीं होतीं तिची मालकीण हादरून गेली. नेपोलियनाची मोठी फौज नुकतीच मोडली आहे, काम नाहीं आणि पगार नाहीं असे शिपाई व अंमलदार गांवोगांव भटकत आहेत, आणि या दोन मुलींना ते खात्रीनें पळवून नेतील, असें तिनें परोपरीनें सांगितलें. बाईंचें म्हणणें अगदीं व्यवहाराचें होतें. परंतु ज्यांनीं आठवडाभरापूर्वीं स्वतःच्या हौसेनें पलायन केलें होतें, त्यांना पळवून नेण्याची भीति ती काय वाटणार! ता. ८ ऑगस्टला शेले व क्लेअर गाढवांच्या बाजारांत जाऊन एक गाढव घेऊन आलीं. संध्याकाळीं तिघें भाड्याच्या गाडींतून शारांतां गांवापर्यंत गेलीं. गाढव मागून चालत आलें, आणि तेथें कळून चुकलें कीं तें ओझें वाहण्यापेक्षां स्वतःच ओझें होण्याच्या लायकीचें आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें विकून दहा नेपोलियनांना एक खेंचर घेतलें. काळ्या रेशमी झग्यांतल्या दोन मुली, एक उंच, वांकून चालणारा, विस्कटलेल्या केसांचा तरुण आणि खेंचर, अशी ती वरात पूर्वेकडे निघाली. दुपारीं एका ओढ्याकाठीं सावलींत बसून त्यांनीं भाकरी व फळें खाल्लीं, आणि डॉन किहोटे व सांको यांची आठवण काढून तीं हंसलीं. इथपर्यंत हा प्रवास म्हणजे पोरवयाचा एक खेळ आहे, आणि मेरीची लेखणी तो खेळ मोठ्या प्रसन्नतेनें सांगते.

९ तारखेची रात्र गीन या गांवीं गेली. ज्या खोलींत तीं निजलीं तिच्यांतच, त्याच बिछान्यांवर, गेल्या युद्धांत नेपोलियन आणि त्याचे सेनापति निजले होते, असें खानावळवाल्या म्हातारीनें सांगितलें. अशा गोष्टी खानावळवाले नेहमींच सांगतात. परंतु गीन येथें बादशहाचा मुक्काम ता. १६ फेब्रुवारीच्या सुमारास झाला होता, हें युद्धाच्या इतिहासावरून जुळतें. म्हातारी सम्राज्ञी जोसेफिन आणि मारी-लुईझ यांच्याहि गोष्टी मोठ्या अभिमानानें सांगत होती. तिच्या गांवाचें फारसें नुकसान झालेलें नव्हतें. बादशहा तिच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि गेला, एवढाच तिचा युद्धाशीं संबंध. पुढच्या तीन दिवसांत भेटलेल्या माणसांपाशीं बादशहाची एकहि गोष्ट नव्हती.

त्याचें कारण समजण्यासाठीं त्या मोहिमेचा थोडा इतिहास ध्यानीं घ्यावा लागतो. १८१३ चें वर्ष संपतां संपतां ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया यांच्या फौजा ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्समध्यें शिरल्या. लाइप्सिगच्या पराभवानंतर नेपोलियनाजवळ जुने शिपाई थोडेच उरले होते. घाईनें भरती केलेलीं कोवळीं पोरें त्यानें उभीं केलीं. बादशहाच्या तरुण राणीच्या नांवावरून लोक त्यांना 'मारी-लुईझ' म्हणत. या पोरांना घेऊन फेब्रुवारीच्या १० ते १४ तारखांच्या दरम्यान, पांच दिवसांत त्यानें चार लढाया जिंकल्या. शांपोबेर, मोंमिराय, शातो-त्येरी आणि व्होशां हीं नांवें काढलीं कीं लष्करी इतिहासकार अजून माना डोलावतात. माना डोलावतांना एक गोष्ट ते विसरतात. इतक्या वेगानें धांवणारी फौज आपल्याबरोबर अन्न नेत नाहीं. ती जेथें पोंचते तेथें खाते. आणि तिच्या मागावर असलेली शत्रूची फौज त्याच जागीं दुसऱ्यांदा खाते. त्र्वा हें शांपान्यचें जुनें शहर ७ फेब्रुवारीला शत्रूंनीं घेतलें, २४ फेब्रुवारीला नेपोलियनानें परत घेतलें, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यांत तें पुन्हां शत्रूंच्या हातीं गेलें. महिनाभरांत तीनदां धनी बदललेल्या शहराच्या आसपासच्या खेड्यांत ऐन हिवाळ्यांत काय उरलें असेल, त्याचा हिशेब कोणत्याहि सेनापतीच्या आठवणींत सांपडत नाहीं. तो सांपडतो सतरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या या मुलीच्या रोजनिशींत.

१० तारखेला तीं प्रोव्हां या गांवीं पोंचलीं. टेंकडीवरचे पडके बुरूज आणि खालीं वसलेलें टुमदार गांव पाहून मेरीला चित्र पाहिल्यासारखा आनंद झाला. आणि त्याच्यापुढें, ११ तारखेस, नोजां. सीनच्या कांठचें हें गांव साफ उजाड झालेलें होतें. घरें जाळलेलीं, गुरें मारलेलीं, होतें नव्हतें तें सर्व नाहींसें झालेलें. हें कोसॅकांनीं केलें असें लोकांनीं सांगितलें आणि मेरीनें तें तसेंच लिहिलें. त्यांना मॉस्कोची आणि जाळल्या गेलेल्या रशियन खेड्यांची आठवण झाली असेल, असाहि विचार तिच्या मनांत येऊन गेला. पण आपण आतां फ्रान्समध्यें आहों आणि समोर हीं माणसें आहेत, असें म्हणून तिनें तो बाजूला ठेवला, आणि युद्धाविषयींचा आपला तिटकारा येथें अधिक तीव्र झाला असें नमूद केलें. आम्हांस हें वाक्य फार महत्त्वाचें वाटतें. कारण सूड हा इतिहासांत नेहमीं समजुतीचा विषय होतो, आणि त्याला तसें होऊं न देण्याची सावधगिरी या मुलीनें दाखविली.

मात्र कोसॅकांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. स्वतःच्या घोड्यावर बसून, मुख्य फौजेच्या पुढें आणि बाजूंना विखरून, मिळेल त्यावर निर्वाह करीत दौड मारणारे हे स्वार कसे असतील, हें ज्यांच्या पणज्यांनीं पेंढाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या वाचकांना समजावून द्यावयास नको. परंतु नोजां गांवाची राख एकट्या कोसॅकांनीं केली नव्हती. फेब्रुवारींत बूर्मों या फ्रेंच सेनापतीनें तें गांव घरोघर लढविलें आणि माघार घेतांना नदीवरचा पूल सुरुंगानें उडविला. त्याच्यावर चालून आलेल्या श्वार्त्सेनबेर्गच्या फौजेंत ऑस्ट्रियन होते, निरनिराळ्या जर्मन संस्थानांचे शिपाई होते आणि रशियनहि होते. फ्रेंच शिपायांनीं स्वतःच्याच लोकांचीं कोठारें फोडल्याच्या तक्रारी त्या मोहिमेंत कमी नाहींत. असें असतां शेतकऱ्याच्या तोंडीं एकच नांव उरलें. लांब भाल्याचा, दाढीवाला, अनोळखी भाषेचा स्वार लक्षांत राहतो. आपल्याच मुलासारखा दिसणारा उपाशी शिपाई कोंबडी घेऊन गेला, तें सांगावयास जीभ रेटत नाहीं.

नोजांच्या पुढें सेंतोबां हें खेडें लागलें. दुरून तें झाडांत लपलेलें फार सुंदर दिसत होतें. जवळ जाऊन पाहतात तों घरांना छपरें नाहींत, वासे काळे पडलेले, भिंती ढांसळलेल्या. थोडीं माणसें शिल्लक होतीं. त्यांच्यापाशीं दूध मागितलें. दूध नव्हतें, कारण गाई नव्हत्या. गाई कोसॅकांनीं नेल्या होत्या. ज्यांनीं शेतीच्या गांवांत दिवस काढले आहेत त्यांना या उत्तराचा अर्थ लगेच कळेल. जळलेलें छप्पर एका उन्हाळ्यांत पुन्हां घालतां येतें, पण गाय गेली म्हणजे दूध गेलें, वासरूं गेलें, आणि शेताचें खतहि गेलें. ती भरून यावयास वर्षें लागतात.

त्या रात्रीं मुक्कामाचें गांव येता येईना. कारण मोठें मौजेचें आहे. वाटेंत विचारल्यावर लोक सांगत तो लीग टपालरस्त्यावरचा सरकारी लीग नव्हता. तो त्या मुलखाचा स्वतःचा लीग होता, आणि त्याची लांबी जवळजवळ दुप्पट होती. आपल्याकडे सरकारी कोस आणि गांवकोस यांतला फरक ज्यानें पायांनीं मोजला आहे, त्याला या तिघांची कींव येईल. अंधारांत, ओसाड माळावरून भटकत तीं त्र्वा-मेझों नांवाच्या वस्तीला पोंचलीं. नांवाचा अर्थ 'तीन घरें', आणि मोठेपणाहि तेवढाच. खावयास शिळी आंबट भाकरी व थोडें दूध मिळालें. निजावयास गवताच्या गाद्या. उंदरांनीं आपल्या तोंडावर थंडगार पंजे ठेवले म्हणून क्लेअरला रात्रभर झोप आली नाहीं. शेलेचा घोटा मुरगळला होता. तो दुसऱ्या दिवशीं खेंचरावर बसला आणि मुली पायीं चालूं लागल्या.

१२ तारखेची सकाळ एशमीन या खेड्यांत गेली. मेरीच्या मतें तिनें पाहिलेल्या सर्व ठिकाणांत हें सर्वांत किळसवाणें. घरें मोठीं होतीं पण पडलेलीं. माणसें विलक्षण घाणेरडीं. तिघांनीं भाकरी मागितली आणि मोठ्या मिनतवारीनें कांहींसें मिळालें. मग बोलणें निघालें. नेपोलियन पदच्युत झाला हें त्या लोकांना ठाऊकच नव्हतें. घरें पुन्हां कां बांधीत नाहीं, असें विचारतां ते म्हणाले कीं कोसॅक परत येतील तेव्हां तीं पुन्हां पाडतील, याची आम्हांला भीति वाटते.

बादशहानें राज्यत्याग केल्याला चार महिने उलटले होते, आणि हें गांव पॅरिसपासून शंभर मैलांच्या आंत आहे. या उत्तराकडे पुष्कळ लेखकांनीं फ्रेंच खेडुताच्या अज्ञानाचा नमुना म्हणून पाहिलें आहे. मेरीनें स्वतः त्यावर टीका केलेली नाहीं, पण गांवाच्या घाणीविषयीं तिनें जें शेजारींच लिहिलें आहे, त्यावरून तिच्या डोळ्यांपुढें एक मंद, जड असा जनसमूह उभा होता हें उघड आहे. आम्हांस या अज्ञानाचा थोडा संशय येतो. ज्या गांवावरून सहा आठवड्यांत दोन-तीन फौजा गेल्या, तेथें 'राजा कोण?' या प्रश्नाला काय उत्तर द्यावें हें माणूस लवकर शिकतो. प्रत्येक नवा स्वार तोच प्रश्न विचारतो, आणि चुकीच्या नांवाला शिक्षा असते. अशा वेळीं 'आम्हांला कांहीं ठाऊक नाहीं' यासारखें सुरक्षित उत्तर दुसरें कोणतें? दारांत परक्या भाषेचे तिघे उभे, त्यांतला एक खेंचरावर. त्यांना खरें काय तें सांगण्याचें त्या शेतकऱ्यांवर कसलें बंधन होतें? आणि ठाऊक नसणें खरें असलें, तरी दुसरें उत्तर अज्ञानाचें मुळींच नाहीं. शांतता झाली आहे असें पॅरिस म्हणत होतें, लंडन म्हणत होतें. शरदृतूंत व्हिएन्ना येथें राजे आणि मुत्सद्दी जमून युरोपाचा नकाशा नव्यानें आंखावयाचा होता. एशमीनचे लोक एवढेंच म्हणाले कीं आम्ही छप्पर घालीत नाहीं.

याच दिवशीं तीं त्र्वा येथें पोंचलीं आणि पायीं प्रवास करण्याचा बेत संपला. घोट्यानें शेले हैराण झाला होता. खेंचर व खोगीर विकून टाकलें. पांच नेपोलियनांना एक उघडी चारचाकी गाडी घेतली, आणि आठ नेपोलियन देऊन सहा दिवसांत नशातेलला पोंचविणारा, खेंचरासह एक गाडीवान ठरविला. खेंचर आणि गाढव यांच्या व्यवहारांत एकंदर सुमारें पंधरा नेपोलियन बुडाले.

१३ तारखेला त्र्वाहून शेलेनें हॅरिएटला एक पत्र लिहिलें. तें आज उपलब्ध आहे, आणि त्याच्यासारखें विलक्षण पत्र इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत दुसरें आम्हांस आठवत नाहीं. वाटेंत पाहिलेली दैना, उपासमार, कालपर्यंत खाऊनपिऊन असलेलीं कुटुंबें आज भीक मागत आहेत हें सर्व त्यानें त्यांत कळकळीनें सांगितलें आहे. आणि त्याच पत्रांत तिला, ज्या पत्नीला तो गर्भवती अवस्थेंत सोडून आला होता तिला, त्यानें स्वित्झर्लंडला येऊन आपल्यांत राहण्याचें आमंत्रण दिलें आहे. तेथें तुला एक तरी खरा मित्र भेटेल अशी ग्वाही दिली आहे. आणि येतांना वकिलाकडचे अमुक अमुक कागद घेऊन ये अशी आठवणहि केली आहे. शेलेला कपटी म्हणणारे टीकाकार हें पत्र पुरावा म्हणून पुढें करतात. आम्हांस त्यांत कपट दिसत नाहीं, आणि तेंच अधिक भयंकर वाटतें. नोजांच्या अनोळखी माणसांचें दुःख ज्याला रात्रीं झोपूं देत नाहीं, त्याला लंडनमधल्या एकोणीस वर्षांच्या हॅरिएटचें दुःख दिसतच नाहीं. पुढें शांप्लीत येथें एक गोड लहान मुलगी पाहून तिला आपल्याबरोबर न्यावें असें त्याच्या मनांत आलें. तिच्या बापानें अर्थातच नकार दिला. स्वतःची मुलगी तो इंग्लंडांत ठेवून आला होता.

त्र्वाच्या पुढचा प्रवास चरित्रकारांच्या आवडीचा आहे, आम्ही तो झपाट्यानें आटोपतों. गाडीवान तऱ्हेवाईक निघाला व वाटेंत त्यांना सोडून पुढें निघून गेला. आल्प्सचें पहिलें दर्शन झाल्यावर तिघांच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. लूसर्न सरोवराच्या कांठीं ब्रुनेन येथें त्यांनीं सहा महिन्यांच्या कराराने दोन खोल्या घेतल्या आणि दोन-तीन दिवसांतच, जवळ अठ्ठावीस पौंड उरले आहेत असें पाहून, इंग्लंडला परतण्याचें ठरविलें. नदीचा प्रवास स्वस्त म्हणून रॉइस व ऱ्हाईन या नद्यांवरून होड्यांनीं तीं खालीं आलीं. होडींत मेरी वुल्स्टनक्राफ्टचीं स्वीडन-नॉर्वेच्या प्रवासाचीं पत्रें तीं मोठ्यानें वाचीत. त्याच होडीवर जागेवरून भांडण झालें तेव्हां शेलेनें एका उतारूला ठोसा मारून खालीं पाडलें. मनुष्यमात्राच्या समतेवर ज्यांची श्रद्धा होती, त्यांना होडींतले तंबाखू ओढणारे, दारू पिणारे, घामट जर्मन शेतकरी व कारागीर मुळींच सहन झाले नाहींत, आणि मेरीनें तें लपविलेलें नाहीं. तत्त्वांतली जनता आणि होडींतली जनता यांची गांठ पडण्याचे असे प्रसंग सुशिक्षितांच्या जन्मांत वरचेवर येतात. आपल्याकडे त्यासाठीं ऱ्हाईनपर्यंत जावें लागत नाहीं. १३ सप्टेंबरला तीं ग्रेव्हसेंडला उतरलीं तेव्हां होडीचें भाडें द्यावयासहि पैसा नव्हता. तो शेवटीं हॅरिएटकडून आणावा लागला. शेले तिच्याशीं आंत बोलत होता, आणि मेरी व क्लेअर बाहेर गाडींत दोन तास बसून होत्या.

पुढचा काळ सर्वांनाच कठोर गेला. मेरीची पहिली मुलगी १८१५ च्या फेब्रुवारींत जन्मली आणि मार्चमध्यें वारली. १८१६ च्या डिसेंबरांत हॅरिएटचें प्रेत लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यांत सांपडलें, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस शेले व मेरी यांचें लग्न लागलें. १८१७ मध्यें मेरीनें आपली जुनी रोजनिशी काढून, शेलेच्या मदतीनें ती साफ केली आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तें लहानसें पुस्तक लेखकाचें नांव न घालतां लंडन येथें प्रसिद्ध झालें. त्यांतून पलायन काढून टाकलेलें आहे, हॅरिएट नाहीं, कॅलेला आलेली आई नाहीं. प्रस्तावनेंत सोबतीचीं माणसें पति आणि बहीण म्हणून येतात. मूळ रोजनिशा आतां छापल्या गेल्या असल्यामुळें दोन्ही शेजारीं ठेवून वाचतां येतात, आणि तसें वाचतांना एक गोष्ट लक्षांत येते. स्वतःविषयींचें जें जें गैरसोयीचें तें तें मेरीनें गाळलें, परंतु नोजां, सेंतोबां आणि एशमीन यांतलें तिनें कांहीं गाळलें नाहीं. पुस्तक फारसें खपलें नाहीं. १८२६ मध्यें, चार अपत्यांपैकीं तीन व पति गमावल्यानंतर, तिनें 'शेवटचा मनुष्य' ही कादंबरी लिहिली. तींत महामारीनें ओस पडलेल्या युरोपांतून उरलेलीं थोडीं माणसें इंग्लंड सोडून फ्रान्समार्गें स्वित्झर्लंडकडे जातात. रिकामीं गांवें, उघडीं दारें, मालक नसलेलीं शेतें. ती वाट तिनें कल्पनेनें काढली असें म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

एशमीनच्या लोकांचा अंदाज मात्र कादंबरीची वाट पाहत बसला नाहीं. १८१५ च्या १ मार्चला नेपोलियन एल्बाहून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. १८ जूनला वॉटर्लूची लढाई झाली. आणि जुलैच्या आरंभीं चेर्निशेव्हच्या रशियन स्वारांनीं शांपान्यमधलें शालों शहर घेतलें. त्यांत कोसॅक होते. सप्टेंबरच्या १० तारखेस, एशमीनपासून पायीं दोन दिवसांच्या वाटेवर, व्हर्त्यू गांवाजवळच्या मैदानांत झार अलेक्झांडरनें आपल्या सुमारें दीड लाख सैन्याची पाहणी केली. ती बघावयास ऑस्ट्रियाचा बादशहा, प्रशियाचा राजा आणि वेलिंग्टन मुद्दाम आले होते. इतक्या माणसांना आणि त्यांच्या घोड्यांना लागणारें धान्य व वैरण पुन्हां त्याच प्रांतानें पुरविली.

दोन वर्षांनीं पुस्तक छापतांना मेरीनें त्या खेडुतांचें उत्तर १८१४ मध्यें ऐकलें होतें तसेंच ठेवलें. त्याच्याखालीं १८१५ ची टीप जोडली नाहीं. तेव्हां फ्रान्सच्या ईशान्य सीमेवर परक्या फौजांचीं ठाणीं अद्याप होतीं. तीं उठलीं १८१८ च्या नोव्हेंबरांत.